बायकांचं पंचावन्न

नव्या यंत्राची खोकी सकाळीच ट्रकमधून उतरली आणि प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिली. त्यांच्यावर काचेच्या पेल्याचे चित्र होते, वर दाखवणारा बाण होता आणि कुठल्याशा परदेशी गावाचे नाव होते. ती उघडायला मुंबईहून इंजिनियर यायचा होता. तोवर एक खिळाही काढायचा नाही, अशी ताकीद होती. तरी सुशीलाबाई सकाळपासून काही ना काही निमित्त काढून व्हरांड्यात जाऊन येत होत्या.

"अहो, ते पळून नाही जाणार," श्यामसुंदर आतूनच म्हणाले. "त्याला पाय नाहीत. कॅटलॉगमध्ये बघा, लिहिलं असेल."

"तुम्ही तर म्हणाला होतात, येणारच नाही."

"मी म्हणालो होतो, आपण नोकरीत असेपर्यंत येणार नाही. दिल्लीत धोरणं बदलली, त्याला मी काय करू?"

नगर रस्त्यावर, खराडीच्या थोडी अलीकडे, इंजेक्शनची औषधे बनवणारी ती कंपनी होती. सुशीलाबाई आणि श्यामसुंदर तिथे एकाच वर्षी केमिस्ट म्हणून लागले आणि तेव्हापासून शेजारशेजारच्या टेबलांवर बसून भांडत आले. भांडण हा त्यांच्या कामाचाच भाग होता. औषधाची प्रत्येक खेप बाहेर जाण्याआधी एकाने तिची तपासणी करायची आणि दुसऱ्याने ते आकडे पडताळून खाली सही करायची, अशी पद्धत होती. स्वतःच्या आकड्यावर स्वतःच शिक्कामोर्तब करायचे नाही. आणि औषध प्रशासनाची मान्यता असलेल्या माणसाचीच सही चाले. अशी माणसे कंपनीत दोनच होती, हीच दोघे.

या यंत्रासाठी सुशीलाबाईंनी कितीदा अर्ज केले होते, ते त्यांनाच आठवत नव्हते. कधी परवाना नाही, कधी परकीय चलन नाही, कधी जकात परवडत नाही. आता शहाण्णव साल उजाडले होते, परवान्यांची कटकट मिटली होती आणि एका परदेशी गिऱ्हाइकाने औषध घ्यायची तयारी दाखवली होती. त्याची अट एकच, तपासणी या यंत्रावर झाली पाहिजे. म्हणून ते आले होते.

आजवर सुशीलाबाई काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडत आणि चंचुपात्रातला रंग कधी पालटतो ते डोळ्यांनी पाहत. त्यातून औषध किती आहे ते कळे. पण त्यात आणखी काय काय मिसळले आहे, ते कळत नसे. हे यंत्र मिश्रणातला एकेक पदार्थ वेगळा काढून कागदावर त्याचे टोकदार शिखर उमटवणार होते. सारी हयात ज्या गोष्टींविषयी अंदाज बांधले, त्या आता दिसणार होत्या. यंत्राची माहितीपुस्तिका सुशीलाबाईंनी महिनाभर आधी घरी नेऊन वाचली होती. एकदा समजून घेण्यासाठी आणि एकदा नुसतीच, आवडली म्हणून.

दुपारी त्यांना ऑफिसात बोलावणे आले. दारावरची 'पर्सोनेल' ही पाटी जाऊन तिथे 'ह्यूमन रिसोर्सेस' अशी नवी पितळी पाटी लागली होती आणि आत विश्वजीत नावाचा तरुण अधिकारी बसत होता.

"बसा ना मॅडम. कॉफी?"

"नको. ट्रेनिंगसाठी बोलावलंत ना?"

"ॲक्चुअली, नाही." त्याने एक कागद पुढे सरकवला. "एकतीस ऑगस्टला तुमची पंचावन्न पूर्ण होतायत. शनिवार आहे. तुमचा सेंडऑफ त्याच दिवशी ठेवलाय."

सुशीलाबाईंना ही तारीख माहीत नव्हती असे नाही. पण पाटी बदलली, गणवेश बदलले, कंपनीचे बोधचिन्हसुद्धा बदलले. या सगळ्या बदलांत तो जुना नियम कधीच मोडीत निघाला असणार, असे त्यांनी मनाशी धरले होते. कुणाला विचारले मात्र नव्हते.

"ट्रेनिंग त्यानंतरच्या सोमवारी सुरू होतंय," त्या म्हणाल्या.

"हो, त्याला श्यामसुंदर सर आहेत आणि मुंबईहून एक नवीन मुलगा जॉइन होतोय."

"श्यामसुंदर माझ्याहून तीन महिन्यांनी मोठे आहेत."

"जेंट्सचं अठ्ठावन्न असतं, मॅडम. लेडीजचं पंचावन्न. युनियनच्या करारात आहे ते. मी शाळेत होतो तेव्हापासून आहे."

"का पण?"

हा प्रश्न विश्वजीतला आजवर कुणी विचारला नव्हता. त्याने पेन उघडले, मिटले. "म्हणजे, लेडीजना घर असतं. नातवंडं असतात."

"श्यामसुंदरांना तीन नातवंडं आहेत. मला अजून एकही नाही."

विश्वजीतने आवाज खाली आणला. "हे बघा मॅडम, मी तुमच्या भल्याचं सांगतो. सगळं स्मूथली झालं तर ग्रॅच्युइटीचा चेक समारंभातच हातात देऊ. वाद झाला की फाइल लीगलकडे जाते. तिथे गेलेलं कधी परत येतं, ते मलाही सांगता येत नाही."

सुशीलाबाई उठल्या. व्हरांड्यातून जाताना त्यांनी खोक्यांकडे पाहिले नाही.

खडकीला घरी पोचल्या तेव्हा महिपती, त्यांचे यजमान, भाजी निवडत बसले होते. ते दारूगोळा कारखान्यातून चार्जमन म्हणून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून भाजी हे खाते त्यांच्याकडे होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. पुण्यात इतकी वर्षे काढूनही चिडले की त्यांच्या तोंडी वर्ध्याची बोली येई.

"काहून पण? त्या श्यामसुंदरले दोन डोये अन् तुले एकच हाय काय?"

"करारात आहे म्हणे."

"मी अठ्ठावन्नापर्यंत नोकरी केली. शेवटी शेवटी माझा हात थरथरायचा. दारूगोळ्यात. कुणी काही विचारलं नाही." मग त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "पण ग्रॅच्युइटी अडवली तर सुशीला, आपल्या फ्लॅटचं कर्ज?"

तेच तर. निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटी आली की घराचे कर्ज फेडायचे, हे दोघांनी मिळून ठरवले होते. महिपतींची स्वतःची रक्कम मुलीच्या लग्नात केव्हाच संपली होती. यंत्रासाठी भांडायला गेले आणि डोक्यावरचे छप्पर अडकून पडले, तर त्या भांडणाला काय अर्थ उरला? सुशीलाबाईंना त्या संध्याकाळी जेवण गेले नाही.

"वकिलाला विचारून तर बघू," महिपती म्हणाले. "विचारायला काही ग्रॅच्युइटी लागत नाही."

नारायण पेठेत, वह्या-पेन्सिलींच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर मथुराबाई नावाच्या वकीलबाई बसत. सत्तरीच्या होत्या, कामगारांचेच खटले चालवत आणि समोरचा माणूस लांबण लावू लागला की डोळे मिटून घेत. सुशीलाबाईंनी लांबण लावले नाही. काय झाले ते क्रमाने सांगितले.

"ग्रॅच्युइटी कंपनी देते, असं कोण म्हणालं तुम्हाला?" मथुराबाईंनी विचारले.

"म्हणजे, कंपनीच देते ना?"

"पगारही कंपनीच देते. तो काय उपकार असतो का? ही तशीच. पाच वर्षं सलग नोकरी झाली की ती तुमची. तुम्ही गुणी आहात की भांडखोर, हे कायदा विचारत नाही."

"आणि अडवली तर?"

"तीस दिवसांत द्यावी लागते. नाही दिली तर पुढे व्याजासकट. अडवायला तसंच काही कारण लागतं. कंपनीत चोरी केलीत?"

"नाही."

"मारामारी?"

"नाही हो."

"मुद्दाम काही नुकसान?"

सुशीलाबाई जरा घुटमळल्या. "बहात्तर साली एक मोजपात्र फुटलं होतं माझ्या हातून."

"त्यावर पडदा टाकू आपण," मथुराबाई गंभीरपणे म्हणाल्या.

शेजारी बसलेल्या महिपतींना हसू आवरेना. सुशीलाबाईंनी त्यांच्याकडे रागाने पाहिले, पण छातीवरचे काहीतरी उतरल्यासारखे त्यांनाही वाटले.

"चेक घेतला म्हणजे पंचावन्न मान्य केलं, असं होईल का?"

"तसं त्यांनी लिहून आणलं, तर त्याच्यावर सही करू नका. पावतीवर 'माझे हक्क राखून स्वीकारले' असं लिहा आणि चेक खुशाल घ्या. आता वयाचं. त्याबाबत मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. कोर्टात गेलात तर निकाल लागेपर्यंत तुम्ही साठीच्या व्हाल. पण." इथे त्यांनी पहिल्यांदा डोळे पूर्ण उघडले. "समान मोबदल्याच्या कायद्यात सत्त्याऐंशी साली दुरुस्ती झाली आहे. आधी तो पगार आणि भरती यांच्यापुरताच होता. आता नोकरीच्या अटींतही बाईला बाई म्हणून डावलायचं नाही, असं त्यात आहे. बढती, बदली आणि प्रशिक्षण. प्रशिक्षण हा शब्द आहे त्यात, बाई. माझा नाही, कायद्याचा."

चंचुपात्रात थेंब पडत राहतात, काही होत नाही, काही होत नाही, आणि मग एका थेंबासरशी सगळा द्रव गुलाबी होतो. सुशीलाबाईंचे तसे झाले. त्या जिना उतरल्या त्या थेट रस्त्यावर चालू लागल्या. बसचा थांबा मागे पडला, हे महिपतींनी सांगेपर्यंत त्यांच्या ध्यानात आले नाही.

"हळू," महिपती धापा टाकत म्हणाले. "मी निवृत्त माणूस आहे."

मथुराबाईंची नोटीस कंपनीत पोचली आणि दोनच दिवसांत सुशीलाबाईंना पुन्हा बोलावणे आले. या वेळी खुर्चीत मालक जयसिंगराव बसले होते आणि विश्वजीत बाजूला उभा होता. जयसिंगरावांच्या वडिलांनी शेतजमीन विकून ही कंपनी उभारली होती. जयसिंगराव बोलायला साधे होते आणि व्यवहाराला अजिबात साधे नव्हते.

"बाई, आपण घरची माणसं. वकिलाबिकिलाचं कशाला? तुम्हाला मशीन पाहिजे ना?"

"हो."

"घ्या मशीन." त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे ठेवला. "एक वर्ष सल्लागार म्हणून या. ट्रेनिंगला बसा. फक्त पंचावन्नाला स्वखुशीनं निवृत्त झाले, एवढं लिहून द्या. वर्षानं पुढचं बघू. तुमच्याइतकं काम इथे कोण जाणतं?"

सुशीलाबाईंनी कागद वाचला. त्यांना हवे होते ते सगळे त्यात होते. सही करायला पेनसुद्धा विश्वजीतने उघडून धरले होते. "शनिवारी सांगते," त्या म्हणाल्या आणि तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

प्रयोगशाळेत इंजिनियरने खोकी उघडली होती. पांढऱ्या फोममधून एकेक भाग बाहेर निघत होता. पंप, दिवा, आणि वीतभर लांबीची पोलादी नळी, जिच्या आत मिश्रणाची फाटाफूट होणार होती. सुशीलाबाईंनी ती नळी तळहातावर घेतली. पुस्तिकेतल्या चित्रात ती मोठी वाटली होती. इतकी छोटी, पेनापेक्षा थोडी जाड. त्यांना हसूच आले. त्यांनी इंजिनियरला इतके प्रश्न विचारले की शेवटी तो म्हणाला, "मॅडम, सोमवारसाठी काहीतरी ठेवा."

सही करून टाकावी. त्यात काय एवढे? एक वर्ष म्हणजे एक वर्ष.

मधल्या सुट्टीत नळावर तुळजाबाई भेटल्या. भरलेल्या कुप्या एकेक करून दिव्यासमोर धरायच्या आणि आत काचेचा कण, तंतू, काही तरंगते का ते पाहायचे, हे काम करणाऱ्या बायकांचा एक हॉल होता. सगळ्या कायम नोकरीतल्या, बहुतेक आसपासच्या गावांतल्या. तुळजाबाई त्यांच्यात सर्वांत जुन्या.

"बाई, तुमास्नी ठिवून घेत्यात म्हनं. खरं हाय का?"

"विचारतायत."

"घ्या की मग. एकीचं तरी झालं." त्यांच्या बोलण्यात असूया नव्हती, म्हणून ते जास्त लागले. "माझं दिवाळीनंतर हाय. मला कोन सल्लागार करतंय? मी काय सल्ला देनार, बाटलीत केस हाय का न्हाई, येवढाच."

"घरी काय करणार मग?"

"काय करायचं? जमिनी गेल्या, आता शेतात बी जाता येत न्हाई. सूनबाई म्हनती, टीवी बगा." तुळजाबाईंनी बाटली भरून घेतली. "माझी नजर अजून पोरींपेक्षा चांगली हाय, बाई. हालमदी विचारा कुनाला बी."

सुशीलाबाई परत टेबलाशी आल्या. श्यामसुंदर आकडे पडताळत होते.

"केलीत सही?" त्यांनी मान वर न करता विचारले.

"तुम्ही काय केलं असतंत?"

"मला कुणी विचारलंच नाही. अशा संधी आम्हा पुरुषांच्या वाट्याला येत नाहीत." मग त्यांनी चष्मा काढला. "तो नवा मुलगा येतोय. हुशार असेल. पण त्याची सरकारी मान्यता यायला दिवाळी उजाडेल. मी विश्वजीतना विचारलं, तोवर मी केलेल्या तपासणीवर सही कोण करणार? म्हणाले, सर, फॉर्मॅलिटी आहे, दोन्हीकडे तुम्हीच करा."

"मग?"

"मी म्हटलं, बघू."

शनिवारी कॅन्टीनमध्ये टेबले भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. निरोपाची कंपनीतली रीत ठरलेली होती. पुरुष निवृत्त झाला की शाल, श्रीफळ आणि मनगटी घड्याळ. बाई निवृत्त झाली की साडी, खण, नारळ आणि मालकीणबाईंच्या हातून ओटी. पुरुषाने घड्याळ घेऊन कुठे वेळेवर जायचे आणि बाईची वेळ कुठे गेली, हे कुणी कधी विचारले नव्हते.

मालकीणबाईंनी हळदकुंकू लावले. सुशीलाबाईंनी पदर पुढे केला आणि ओटी घेतली; घातलेली ओटी परत करता येत नाही. मग जयसिंगरावांनी चेकचे पाकीट दिले आणि विश्वजीतने पावतीचा कागद पुढे केला. सुशीलाबाईंनी पेन काढून त्यावर मथुराबाईंनी सांगितलेली ओळ लिहिली, खाली सही केली आणि पर्समधला घडी केलेला दुसरा कागद, तो मात्र बिनसहीचाच, त्याच्या हातात ठेवला.

"दोन शब्द बोला, मॅडम," विश्वजीत म्हणाला. त्याने अजून पावती वाचली नव्हती.

सुशीलाबाईंना भाषणाची सवय नव्हती. छाती धडधडत होती, पण भीतीने नव्हे. परीक्षेला बसल्यावर पहिलाच प्रश्न येणारा निघावा, तशी.

"ओटी घेतली," त्या म्हणाल्या, "कारण ती प्रेमानं दिली. चेक घेतला, कारण तो माझाच आहे. निवृत्ती मात्र मी घेत नाही. सल्लागारही मला व्हायचं नाही. मी केमिस्ट आहे. करारात बायकांचं पंचावन्न लिहिलंय, तिथे अठ्ठावन्न लिहा. मग मी राहीन, तुळजाबाई राहतील, बाकीच्याही राहतील. सोमवारी ट्रेनिंग आहे. मी येणार आहे."

त्या बसल्या. कुणी टाळ्या वाजवाव्यात की नाही, ते कुणाला कळेना. बटाटेवड्यांचे ताट घेऊन निघालेला कॅन्टीनवाला मध्येच थांबला. मागच्या रांगेत, हॉलमधल्या बायकांच्यात, कुजबुज सुरू झाली आणि ती काही थांबेना. आता भाषणाची पाळी श्यामसुंदरांची होती. ते उठले, खिशातून चार घड्यांचा कागद काढला, त्याकडे पाहिले आणि पुन्हा खिशात ठेवला.

"मी निरोपाचं भाषण लिहून आणलं होतं," ते म्हणाले. "ते आता तीन वर्षं लागणार नाही, असं दिसतं. जपून ठेवतो." आणि खाली बसले.

सोमवारी सुशीलाबाई नेहमीच्या बसने आल्या. रविवारभर त्यांना सारखे काहीतरी करावेसे वाटत होते, म्हणून त्यांनी घरातली सगळी पितळी भांडी चिंच लावून घासून काढली होती. महिपती म्हणाले होते, "कंपनीनं घेतलं नाही तर निदान चिंचेचा खर्च तरी वसूल झाला."

गेटवर पहारेकरी कोंडीराम उभा होता. हजेरीच्या कार्डांच्या फळीत सुशीलाबाईंचे कार्ड नव्हते.

"माफ करा बाई. तुम्हाला आत सोडायचं नाही, अशी ऑर्डर आहे."

"बरं. मग मी बाहेर थांबते. बाहेर थांबू नये, अशी आहे का?"

"तशी काही सांगितली नाही."

त्या थांबल्या. भुरभुर पाऊस होता. श्यामसुंदर बसमधून उतरले, त्यांच्याकडे न बघता मान खाली घालून आत गेले. सुशीलाबाईंनी छत्री दुसऱ्या हातात घेतली, एवढेच. इंजिनियरची गाडी आत गेली. आता तो वीज जोडेल, दिवा लावेल, पंप सुरू करेल. पुस्तिकेचे पहिले प्रकरण.

खराडीकडून चालत येणाऱ्या बायका एकेक करून गेटाशी पोचत होत्या. तुळजाबाईंनी कोंडीरामाला विचारले, मग सुशीलाबाईंना विचारले. मग पदर डोक्यावर घेऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"तुम्ही जा आत. तुमचं कार्ड आहे."

"दिवाळीनंतर नसंल. मग आत्ताच सवय करते की."

त्यांच्यामागून आलेली थांबली. तिच्यामागची थांबली. पाळीचा भोंगा झाला तेव्हा हॉलमधली एकही बाई आत नव्हती. कोणी घोषणा देत नव्हते. उलट हसणेखिदळणेच चालले होते. एकीने डबा उघडून सकाळच्या सकाळी थालीपीठ वाटायला घेतले. इतक्या वर्षांत कामाच्या वेळी त्या सगळ्या एकत्र आकाशाखाली कधी उभ्याच राहिल्या नव्हत्या.

आत काय चालले होते, ते सुशीलाबाईंना मागाहून कळले. गोदामापाशी ट्रक भरायला उभा होता. श्यामसुंदरांनी प्रयोगशाळेत जाऊन नेहमीसारखी खेपेची तपासणी केली, आकडे लिहिले, आपली सही केली आणि कागद विश्वजीतच्या टेबलावर नेऊन ठेवला. "माझं काम झालं," ते म्हणाले. "आता पडताळणारा द्या." विश्वजीत म्हणाला, सर, तुम्हीच करा ना. श्यामसुंदर म्हणाले, तसं लेखी द्या, म्हणजे औषध प्रशासनाला दाखवता येईल. लेखी द्यायला विश्वजीत धजेना.

गेटातून आधी जयसिंगराव बाहेर आले, मागून छत्री धरून विश्वजीत, आणि त्याच्यामागे, छत्रीशिवाय, श्यामसुंदर.

"बाई," जयसिंगराव म्हणाले, "ट्रक केव्हाचा उभा आहे."

"मीही केव्हाची उभी आहे."

बायका हसल्या. जयसिंगरावांनी त्यांच्याकडे पाहिले. एवढ्या जणी बाहेर म्हणजे आत एकही कुपी दिव्यासमोर नव्हती, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला.

"आतापुरती सही करून द्या. बाकीचं आपण बसून बोलू."

"मी शनिवारी निवृत्त झाले असेन, तर माझी सही चालत नाही. झाले नसेन, तर माझं कार्ड फळीत लावा. दोन्हींतलं एकच काहीतरी खरं असेल."

"मग तो कंत्राटाचा कागद..."

"तो मी परत केलाय. सगळ्यांचं अठ्ठावन्न करा."

"परदेशी पार्टी दिवाळीआधी बघायला येणार आहे," जयसिंगराव विश्वजीतकडे वळून हळूच म्हणाले. "गेटावर हे दाखवायचं का त्यांना?"

"सर, पण करार..."

"करार कुणी केला? आपण आणि युनियननं. मग बदलणारही आपणच ना? आणि काय हो, कामात मुरलेली माणसं पंचावन्नाला घरी पाठवायची आणि नवी घेऊन पहिल्यापासून शिकवायची, हा कुठला धंदा? कुणी लक्ष कसं घातलं नाही यात?" हा विचार आपल्यालाच सुचला, अशा सुरात ते बोलत होते आणि सुशीलाबाईंची त्याला काहीही हरकत नव्हती. "ठीक आहे. बायकांचंही अठ्ठावन्न. आजपासून. युनियनशी मी बोलतो. चला, आत चला."

बायका हलल्या नाहीत.

"लिवून द्या, मालक," तुळजाबाई म्हणाल्या. "तोंडी नगं."

"माझ्या शब्दावर विश्वास नाही का?"

"हाय की. म्हनून तर लिवायला काय हरकत हाय?"

विश्वजीत टाइप करायला आत गेला. हे थांबणे सगळ्यांत अवघड होते. प्रयोगशाळेच्या खिडकीत दिवा लागलेला दिसत होता आणि कोंडीरामाने गेट सताड उघडे ठेवले होते. सुशीलाबाईंनी एकदा पाऊल उचलले आणि परत ठेवले. तुळजाबाईंनी ते पाहिले.

"जा तुमी. आमी बगतो कागदाचं."

"नाही. येऊ दे."

कागद आला. जयसिंगरावांनी कोंडीरामाच्या टेबलावर वाकून सही केली. सुशीलाबाईंनी तो वाचला, मग तुळजाबाईंना मोठ्याने वाचून दाखवला, मग मागच्यांना ऐकू गेला नाही म्हणून आणखी एकदा. नोटीसबोर्डाच्या काचेआड तो लागल्यावर बायकांचा लोंढा गेटातून आत शिरला. तुळजाबाईंनी जाता जाता सुशीलाबाईंचा हात धरून दाबला.

सुशीलाबाईंनी आधी ट्रकसाठीचे आकडे पडताळले. एके ठिकाणी श्यामसुंदरांचा शेवटचा अंक त्यांना पटला नाही. तो त्यांनी पुन्हा करायला लावला, तो बरोबरच निघाला आणि मग त्यांनी सही केली.

"मुद्दाम केलंत," श्यामसुंदर म्हणाले.

"हो."

आणि मग त्या जवळजवळ पळतच यंत्राच्या खोलीत गेल्या. थंड हवा, नव्या रंगाचा वास, संगणकाच्या काळ्या पडद्यावर एक हिरवी आडवी रेघ आणि पंपाची बारीक, एका लयीतली टकटक. मुंबईचा नवा मुलगा वहीत काहीतरी उतरवत होता. इंजिनियरने मागे वळून पाहिले.

"मॅडम, सुरुवातीचा भाग झाला आमचा. ह्याच्याकडून लिहून घ्याल का?"

सुशीलाबाईंनी ओला पदर कमरेला खोचला, स्टूल ओढून यंत्राच्या अगदी समोर घेतले आणि त्यावर बसल्या.

"लिहून नको," त्या म्हणाल्या. "पंप बंद करा. पहिल्यापासून सुरू करू, आणि या वेळी बटण मी दाबते."